22 म्हणजे 22 काय?

"22 आहे," असं म्हणून घर तपासायला आलेल्या माणसानं हातातलं छोटं यंत्र माझ्यासमोर धरलं. यंत्राच्या टोकाला टाचणीसारख्या दोन सुया, वर पडद्यावर आकडा. "ओल आहे मॅडम. पण घाबरू नका, मी करून देतो. वॉटरप्रूफिंगची माझी स्वतःचीच टीम आहे."

मी मान डोलावली. 22 ऐकून पोटात गोळा यायला हवा असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, म्हणून आला. 22 म्हणजे 22 काय, हे विचारायचं सुचलं ते दोन खोल्या पलीकडे गेल्यावर. तोवर तो ओट्याखाली डोकं घालून नळाचा सांधा बघत होता.

"टक्केच की," आतूनच उत्तर आलं.

"कशाचे?"

"ओलीचे."

एवढ्यावर ते संभाषण आटोपलं. चाळीस मिनिटांत तपासणीही आटोपली. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर दीड पानाचा अहवाल आला. त्यात 'एकंदर घर ठणठणीत', 'किरकोळ ओल', 'वायरिंग ओके', 'प्लंबिंग ओके' अशी वाक्यं होती. 'ओके' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा होता.

विकत घ्यायचं म्हणून बघितलेलं हे घर जुनं, सुटं, दोन मजली. आम्हाला आवडलं होतं आणि आवडलेल्या घराबद्दल कुणी 'ओके' म्हटलं की बरं वाटतं. एजंटनंच हा तपासनीस सुचवला होता. "ताई, माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना यांनाच देतो, कधी तक्रार नाही." आता मागे वळून बघताना त्या वाक्यातल्या 'कधी तक्रार नाही' या भागानंच मला जागं करायला हवं होतं. घर तपासणाऱ्याबद्दल एजंटला कधीच तक्रार नसेल तर तो तपासतोय कुणासाठी?

पण त्या रात्री मला जागं केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्याचं कार्ड टेबलावर पडलं होतं. नावाखाली 'सर्टिफाइड होम इन्स्पेक्टर', शेजारी सोनेरी गोल शिक्का आणि एक क्रमांक. नवरा म्हणाला, "अगं, सर्टिफाइड आहे, लिहिलंय की." लिहिलं होतं खरंच. झोप येत नव्हती, म्हणून मी ज्या संस्थेचा शिक्का होता तिच्या यादीत तो क्रमांक टाकून पाहिला. नाव त्याचंच निघालं. पुढं एका रकान्यात लिहिलं होतं की प्रमाणनाची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून विचारलं. चिडेल असं वाटलं होतं, चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "मॅडम, फी भरायची राहिली. पंचवीस वर्षं बांधकामात आहे मी. फी भरली नाही म्हणून ज्ञान थोडंच उडून जातं?"

मला उत्तर देता आलं नाही. मुद्दा चोख होता. माणूस खोटारडा वाटत नव्हता, भिंतीवर टकटक करून पोकळ प्लास्टर ओळखत होता, दारं का अडकतात ते नीट समजावत होता. मग एका कागदाची मुदत संपली म्हणून मी का बिथरावं? दोन दिवस ही शंका डोक्यात घेऊन मी सापडेल ते वाचत बसले. ऑफिसात माझ्या स्क्रीनवर गटारांची आणि गळक्या छपरांची छायाचित्रं बघून शेजारच्यानं काळजीनं विचारपूस केली, इतकं.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की आपण ज्याला सरसकट 'सर्टिफिकेट' म्हणतो त्यात दोन अगदी निराळ्या वस्तू असतात. एक म्हणजे अभ्यासक्रम पुरा केल्याचा कागद. तो एकदा मिळाला की जन्मभर तुमचा, शाळेच्या दाखल्यासारखा. दुसरं म्हणजे व्यक्तीचं प्रमाणन. ते मिळतं, टिकवावं लागतं आणि काढूनही घेतलं जातं. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांनी कसं वागावं यासाठी आयएसओ/आयईसी 17024 नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात भर ज्ञानापेक्षा यंत्रणेवर आहे. शिकवणं आणि पारखणं यांची सरमिसळ होऊन निष्पक्षपणाला बाधा येता कामा नये, ठरावीक काळानं पुन्हा पारख व्हावी, तक्रार आणि अपील यांची सोय असावी, आणि प्रमाणन स्थगित करण्याची किंवा रद्द करण्याची रीत ठरलेली असावी. घर तपासणाऱ्यांना शिक्के देणाऱ्या सगळ्याच संस्था या मापात बसतात असं अजिबात नाही. काही ठिकाणी दुपारभरात ऑनलाइन व्हिडिओ बघितले की छापायला कागद तयार. त्यावरही सोनेरी गोल असतो, कारण सोनेरी गोलाला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की घर तपासायला परवाना लागतो असं मी गृहीत धरलं होतं. केस कापायला लागतो काही देशांत, मग घराला नको? तर अमेरिकेतसुद्धा अख्ख्या देशाला लागू असा परवाना नाही. टेक्सासनं 1985 साली परवाना सुरू केला, नंतर बरीच राज्यं आली, पण कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात आजही तो नाही. म्हणजे तिथं उद्या सकाळी एखाद्यानं शिडी आणि टॉर्च घेऊन 'होम इन्स्पेक्टर' अशी पाटी लावली तर परवाना नाही म्हणून त्याला अडवायला कुणी येणार नाही. याउलट जपाननं 2018 पासून जुन्या घराचा व्यवहार करणाऱ्या एजंटावरच बंधन घातलं, की अशी तपासणी करून घेता येते हे गिऱ्हाइकाला सांगायचं. आणि त्या योजनेतली तपासणी करणार कोण, तर परवानाधारक वास्तुरचनाकार, त्यानंही त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. जिथं सरकारनं गाळणी लावलेली नाही तिथं खासगी संस्थेचं प्रमाणन ही एकच गाळणी उरते. ती तरी खरी आहे ना, हे बघायचं काम गिऱ्हाइकाचं.

परीक्षा कसली असते ते पाहायची मला भारी उत्सुकता. अमेरिकेत आणि कॅनडात वापरली जाणारी नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झामिनेशन 200 प्रश्नांची आहे, वेळ 4 तास. त्यातले 25 प्रश्न गुणांसाठी धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी ते पडताळून बघत असतात, आणि कुठले 25 ते परीक्षार्थीला माहीत नसतं. मी नमुन्याचे काही प्रश्न सोडवले. तीनांतला एक बरोबर येत होता, तोही अंदाजपंचे.

पण 'ज्ञान थोडंच उडून जातं' याचं उत्तर मला परीक्षेत सापडलं नाही. ते आचारसंहितेत सापडलं. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही 1976 सालची संस्था. तिच्या आचारसंहितेत दोन कलमं आहेत, ती वाचताना मला आमच्या गेल्या आठवड्याचा पंचनामा वाचतोय असं वाटलं. एक, ज्या घराची तपासणी केली त्यातल्या तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती पुढचं वर्षभर पैसे घेऊन करायची नाही. दोन, काम मिळवून दिल्याबद्दल किंवा शिफारशीच्या यादीत नाव घातल्याबद्दल एजंटला काहीही द्यायचं नाही. आमच्या माणसाच्या शिक्क्याची संस्था वेगळी होती, तरी नियम याच धर्तीचे होते.

म्हणजे मुदत संपली तेव्हा ज्ञान उडून गेलं नव्हतं, हे त्याचं बरोबरच. उडून गेलं होतं ते बंधन. 'मीच करून देतो' असं म्हणायला तो त्या दिवसापासून मोकळा झाला होता. त्यानं एजंटला काही दिलं असेल असं मी म्हणत नाही, मला ठाऊक नाही. दिलं असतं तरी त्याला विचारणारं कुणी उरलेलं नव्हतं, एवढंच. त्याच्या संस्थेला मी पत्र लिहिलं. उत्तर सभ्य आलं: ते गृहस्थ आता आमचे सदस्य नाहीत, त्यामुळं कामाबद्दलची तक्रार आम्ही ऐकू शकत नाही, चिन्ह वापरणं थांबवा असं आम्ही त्यांना कळवू.

मग दुसरा तपासनीस शोधणं आलं. या वेळी एजंटला विचारलं नाही. संस्थांच्या याद्यांमधून नावं काढली आणि फोन लावले. पहिल्यानं नोंदणी क्रमांक विचारताच "तुम्हाला घर घ्यायचंय की मला नोकरीवर ठेवायचंय?" असं विचारून फोन ठेवला. दुसरे इंजिनिअर होते. म्हणाले, "बाई, माझ्याकडे पदवी आहे, हे असलं सर्टिफिकेट कशाला?" त्यांच्याशी मी जरा वेळ बोलले, कारण पदवी ही काही हलकी गोष्ट नाही. तुळईबद्दल त्यांना जे कळतं ते दहा इन्स्पेक्टरांना मिळून कळणार नाही. पण बोलता बोलता लक्षात आलं, की ते तुळई आणि खांबच बघणार. वायरिंग? "इलेक्ट्रिशियन बोलवा." छप्पर? "गळतंय का? मग ठीक." त्यांची विहीर खोल होती आणि आम्हाला हवा होता उथळ पण लांबरुंद तलाव. हे काम जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरचं आहे, सर्जनचं नाही.

तिसऱ्या एक बाई होत्या. मी क्रमांक विचारला, त्यांनी सांगितला, आणि वर म्हणाल्या, "यादीत नाव आहे का एवढंच बघू नका, शेवटचं नूतनीकरण कधी झालं तेही बघा." पाहिलं, चालू होतं. दुरुस्त्या करता का? नाही. व्यावसायिक चुकीचा विमा आहे का? आहे, आणि विम्याचा कागद पाठवते. प्रमाणनात विमा आपोआप येतो असं समजू नका. तपासणीच्या वेळी मी सोबत फिरले तर चालेल का? "यायलाच हवं. नुसता अहवाल वाचून अर्धंच कळतं."

मग त्यांनी एका जुन्या कामाचा नमुना-अहवाल पाठवला, त्यातली नावं-पत्ते काढून. सोबत करारनामा. करारनाम्यात दोन पानं भरून, त्या काय बघणार नाहीत याची यादी होती. जमिनीखालचे पाइप नाही. भिंतीच्या पोटात नाही. जड सामान हलवणार नाही. शिडीवर सुरक्षित उभं राहता येत नसेल तर छपरावर जाणार नाही. घराची किंमत योग्य आहे का, ते सांगणार नाही. घर घ्यावं की नाही, हेही सांगणार नाही.

खरं सांगते, मला राग आला. पहिला माणूस तर 'सगळं बघतो' म्हणाला होता, तेही हिच्या निम्म्या फीमध्ये. ही बाई पैसे घेऊन काय काय करणार नाही ते सांगतेय! नवरा म्हणाला, "अशी यादी आपणही ऑफिसात द्यायला हवी." पण ती यादी दुसऱ्यांदा वाचताना मला तिची उलटी बाजू दिसली. ही यादी बाईंनी आपल्या सोयीनं केलेली नव्हती, त्यांच्या संस्थेच्या कार्यमानकातली होती. 'हे बघणार नाही' असं ठरलेलं असेल तर 'हे बघावंच लागेल' असंही ठरलेलं असणार. होतंही. त्याच मानकात पुढं चार पानं होती: पाया, छप्पर, पाण्याचा निचरा, वीज, नळ, जिने-कठडे, हवा खेळण्याची सोय, एकेक बाब. यातलं काही बघितलं नाही तर ते का, हे लिहून देणं बंधनकारक. पहिल्या माणसानं काय बघायचं हे त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून होतं. त्याच्या 'सगळं' या शब्दाला कुंपणच नव्हतं.

तपासणीच्या दिवशी बाई साडेतीन तास होत्या. त्यातला पहिला पाऊण तास घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. घराभोवती दोनदा फिरल्या, एकदा घराकडे बघत आणि एकदा जमिनीकडे बघत. मग लेव्हल आणि टेप काढून मातीचा उतार मोजला. भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत जमीन निदान 6 इंच उतरलेली असावी, म्हणजे पाणी घरापासून लांब वाहतं, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे मागच्या बाजूला उतार उलटा होता. आधीच्या मालकांनी हौसेनं फुलझाडांचा वाफा केला होता, भिंतीला चिकटून, जोत्याच्या वर माती चढवून. मी तो वाफा बघूनच घराच्या प्रेमात पडले होते.

मग आत आलो, त्याच भिंतीपाशी. बाईंनी बॅगेतून यंत्र काढलं. तेच, दोन सुयांचं. मी श्वास रोखला. भिंतीला टोचलं. 22.

"बरोबरच होता की तो," मी म्हणाले.

"आकडा बरोबर होता," बाई म्हणाल्या. "हे यंत्र ओल मोजत नाही. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते मोजतं. ओल असली की ती सहज जाते, म्हणून त्यावरून ओल ठरवायची. पण आकड्यांची पट्टी बसवलीय लाकडासाठी. लाकडात टोचलंत तर 22 म्हणजे 22 टक्के. प्लास्टरमध्ये टोचलंत तर 22 म्हणजे नुसतं 22." शिवाय भिंतीत क्षार असले तर ते वीज वाहून नेतात आणि आकडा उगाच फुगतो. प्लास्टरमागे धातूची जाळी किंवा पत्रा असला तरीही तेच. म्हणून त्या आधी घराच्या मधल्या, कोरड्या असणारच अशा भिंतीवर गेल्या. तिथं 9 आलं. "हे आपलं शून्य."

पुढचा अर्धा तास मी माझ्या आयुष्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगाचा अर्धा तास म्हणेन. त्यांनी त्या भिंतीवर खडूनं चौकटी आखल्या आणि खालून वर, डावीकडून उजवीकडे टोचत गेल्या. मी आकडे लिहून घेत होते. जमिनीलगत 22, 23, 22. गुडघ्याच्या उंचीला 19. कमरेला 13. छातीच्या उंचीला 9, म्हणजे आपलं शून्य. भिंतीच्या एका टोकाला लागून न्हाणीघर होतं, पण न्हाणीघराच्या रेषेत आकडा अजिबात वाढत नव्हता. वाफा जिथं संपत होता तिथं आतला आकडाही उतरत होता.

मग थर्मल कॅमेरा. त्याच्या जाहिराती मी पाहिल्या होत्या, भिंतीच्या आतलं दिसतं म्हणून. बाई हसल्या. "आतलं काही दिसत नाही. भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान दिसतं, तेवढंच. ओली जागा वाळताना गार पडते, म्हणून ती गडद दिसते. पण गार असलेली प्रत्येक जागा ओली नसते." त्याचा पुरावा लगेच मिळाला. दिवाणखान्याच्या छताच्या कोपऱ्यात मोठा निळाजांभळा डाग दिसला. माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. त्यांनी शिडी लावून तिथं मीटर टेकवलं, 9. दाराच्या वरच्या फटीतून गार वारा तिथं लागत होता, बस. तो डाग अहवालात 'गळती' म्हणून छापून आला असता तर आम्ही छत फोडलं असतं.

आणि वाफा न हलवता आतून वॉटरप्रूफिंग केलं असतं तर? "पाणी मातीतून येत राहिलं असतं. काही महिन्यांनी लेपाच्या वरच्या कडेला फुगवटा आला असता." उपाय होता फावडं. वाफा काढा, माती जोत्याच्या खाली आणा, उतार उलटा करा, आणि एक ऋतू भिंत वाळू द्या. मग प्लास्टरचं बघा.

आकडा त्याचाही 22 आणि हिचाही 22. मी हे अजून अधूनमधून लोकांना सांगते आणि त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

विजेचं प्रकरण छोटं, पण अंगावर काटा आणणारं. सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर पहिल्या माणसाकडंही होता. दिवे बरोबर लागले, त्यानं 'ओके' लिहिलं. बाईंच्या टेस्टरचेही दिवे बरोबर लागले. पण त्यांनी आधी डीबीचं, म्हणजे घरातल्या विजेच्या मुख्य पेटीचं, झाकण उघडून पाहिलं होतं, आणि तिथून वरच्या मजल्याकडे जाणारी वायर जुनी, दोन तारांची होती. अर्थिंगची तारच नाही. "मग वर अर्थिंग आहे असं दिवे कसे सांगतात?" मालकांना विचारून त्यांनी एका सॉकेटची प्लेट उघडली. आत कुणीतरी न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेला इंचभर वायरचा तुकडा जोडून दिला होता. तेवढ्यानं टेस्टर फसतो. पण पुढंमागं न्यूट्रल कुठं तुटलं, तर त्या सॉकेटला लावलेल्या यंत्राची धातूची बॉडीच जिवंत होते. आम्ही त्या खोलीत वॉशिंग मशीन ठेवणार होतो.

एका ठिकाणी मात्र मी त्यांच्यावर वैतागले. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग. बाईंनी पट्टीनं रुंदी मोजली, 2 मिलिमीटर, वरच्या टोकाला किंचित जास्त. फोटो घेतला, तारीख घातली आणि लिहिलं: 'एका भेटीत ही भेग वाढती आहे की थांबलेली, हे ठरवता येत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत घ्यावं.' मी म्हटलं, "तुमचा अंदाज तरी सांगा." नाही म्हणाल्या. "पहिल्यानं सांगितलं होतं, जुनी आहे, काळजी नको." "असेलही," बाई म्हणाल्या, आणि पुढं गेल्या. तो खोल विहिरीवाला इंजिनिअर आठवला. त्याला बोलावलं. त्यानं भेगेच्या दोन्ही कडांना मोजपट्टी चिकटवून तीन महिने थांबायला सांगितलं. मालक दोन महिन्यांना तयार झाले. पट्टी हलली नाही. म्हणजे पहिल्या माणसाचं म्हणणं खरं निघालं. पण त्यानं ते बघितलं कशावरून होतं, हे मला आजही माहीत नाही.

अहवाल 43 पानांचा आला. 'ओके' हा शब्द एकदाही नव्हता. 'पाहिलं', 'पाहिलं नाही', 'कारण' असे रकाने होते. छपरासमोर लिहिलं होतं: 'आदल्या रात्रीच्या पावसानं निसरडं, शिडीवरून आणि दुर्बिणीनं पाहिलं.' नवऱ्यानं शेवटी न राहवून विचारलंच, "मॅडम, घ्यावं का हो घर?" त्यांनी करारातल्या यादीकडे बोट दाखवलं. मालकांशी बोलताना या अहवालाचा उपयोग झाला. वायरिंग त्यांनी बदलून दिलं, किंमतही थोडी खाली आली, वाफा आम्ही काढला.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना राहायला आल्यावर पाचव्या महिन्यात खालच्या संडासातलं पाणी उलटं वर आलं. रविवारी सकाळी, अर्थातच. माझा पहिला विचार, लाज वाटते सांगायला, हाच होता की एवढी प्रमाणित बाई आणि हे कळलं नाही? तावातावानं अहवाल काढला. पान 31. 'जमिनीखालची मलवाहिनी तपासलेली नाही, कार्यकक्षेबाहेर. आवारात वाहिनीच्या मार्गाजवळ मोठं झाड आहे. खरेदीपूर्वी कॅमेरा सोडून पाहणी करून घ्यावी.' त्या ओळीशेजारी पेन्सिलनं माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नंतर बघू'.

नवऱ्यानं ते वाचलं आणि काही न बोलता बादली आणायला गेला.

कॅमेरा सोडणारा दुपारी आला. पोरसवदा, पाठीवर केबलचं भेंडोळं. मी सवयीनं विचारलं, "तुमचं काही प्रमाणन वगैरे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, गटारात कॅमेरा सोडायला कसलं सर्टिफिकेट?" कॅमेरा आत गेला. पडद्यावर अंतराचा आकडा सरकत होता आणि तो शांतपणे बोलत होता: हा जोड, हा ठीक, हा पाइप जरा बसलाय, पाणी साचतंय बघा, आणि ही मुळं. साडेअकरा मीटरवर. जमिनीवर खूण करून दिली, चित्रफीत माझ्या फोनवर पाठवली, आणि खोदकाम तो करत नाही, दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, असं सांगून गेला. त्यानं खूण केली होती तिथंच मुळं सापडली, हातभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

रात्री मी शोधलं. गटारात कॅमेरा सोडून दोष नोंदवायचंही प्रमाणन असतं.